मठ्ठा, जिलबी आणि नगरसेवक

लेक कॅनबेराला गेली तेव्हा दोन बॅगा घेऊन गेली आणि दोन मांजरं ठेवून गेली. "बाबा, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," म्हणाली होती. त्याला आता तिसरं वर्ष लागलंय. भारतातून मांजर थेट ऑस्ट्रेलियात नेता येत नाही, ही गोष्ट तिला निघण्याआधीच ठाऊक होती. आम्हाला ती विमान उडाल्यावर कळली.

मांजरांची नावं मठ्ठा आणि जिलबी. मठ्ठा पांढरा, आणि नावाच्या दुसऱ्या अर्थालाही जागणारा. जिलबी केशरी, कुशीवर वेटोळी असलेली. केशरी मांजरांत पाचांतले चार बोके निघतात, केशरी भाटी त्या मानाने दुर्मीळ, असं लेकीने जाताना बजावलं होतं. म्हणजे हरवली तर बाजारातून दुसरी आणून चालायचं नाही.

दोघंही बाणेरच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. माती म्हणजे काय ते त्यांना प्लास्टिकच्या ट्रेपुरतं माहीत. आमचं सहकारनगरचं घर जुनं, बैठं, मागे वीस बाय पंचवीसची बाग. पेरू, जास्वंद, कोपऱ्यात कुंपणाबाहेर झुकलेला शेवगा. पहिले दोन महिने जिलबी खिडकीच्या गजांत तोंड घालून बुलबुलांकडे बघायची आणि दातांचा कट्कट् असा आवाज काढायची. जुन्या टाइपरायटरवर कोणीतरी तक्रार अर्ज लिहितंय असं वाटायचं.

तो अर्ज मंजूर झाला एका दुपारी, दूधवाल्यासाठी दार उघडलं तेव्हा. पायांत केशरी काहीतरी सळसळलं आणि आम्ही वळेपर्यंत जिलबी शेवग्यावर.

मांजराला झाडावर चढणं सोपं आणि उतरणं अवघड, कारण नखं आकड्यासारखी मागे वळलेली असतात. चढताना ती सालीत रुततात, डोकं खाली करून उतरताना त्यांचा काही उपयोग नाही. झाड शेवग्याचं. आमच्याकडे शेंगा काढायला पोरांनाही चढू देत नाहीत, फांदी कधी कडकन मोडेल याचा नेम नसतो. फांदीखाली कंपाउंड, कंपाउंडपलीकडे रस्ता, रस्त्यावर चार कुत्री मांडी घालून वर बघत बसलेली. मी शिडीवर, एका हातात भाजलेल्या बोंबलाची बशी, दुसऱ्या हातात फांदी. जिलबी माझ्याकडे अशी बघत होती की अडकलोय तो मीच.

आई ओट्यावरून म्हणाली, "अरे, तू उतर. म्हणजे ती उतरेल." मी ऐकलं नाही. चार तासांनी जिलबी स्वतःच शेपटीकडून घसरत आली आणि माझ्या डोक्यावर टेकून खाली गेली. त्या खुणा अजून आहेत. न्हाव्याने विचारलं तेव्हा "गुलाबाची कुंडी" असं सांगितलं.

रात्री व्हिडिओ कॉलवर लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, बाग बंदिस्त करू या. इकडे सगळे करतात." कॅनबेरात १ जुलै २०२२ पासून पुढे जन्मलेल्या मांजरांना मालकाच्या आवाराबाहेर मोकळं सोडायला कायद्यानेच बंदी आहे. तिथे मांजरांपासून पक्षी आणि बारके प्राणी वाचवायचे असतात. आमच्याकडे मांजराला रिक्षांपासून. पण कुंपण तेच.

आईला हे सगळं ऐकून हसू आवरेना. ती गुहागरकडची. "आमच्या घरात सात मांजरं होती. त्यांना कुणी बाग केली नव्हती. दारंच नव्हती त्यांना, दारं काय ती आपल्याला." मी म्हटलं, "त्या सातांचं पुढे काय झालं?" आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू तुझी जाळी लाव."

मी दोन आठवडे अभ्यास केला. बारावीला एवढा केला असता तर आज हे लिहीत बसलो नसतो. मांजर सहा फूट सहज उडी मारतं. उडी नाही पोचली तर जाळीवरून सरसर चढतं. त्याला एकच गोष्ट जमत नाही, पालीसारखं उलटं चालणं. म्हणून जाळीचा वरचा दोन फूट भाग आतल्या बाजूला पंचेचाळीस अंशांत कलवायचा. मांजर चढत येतं, डोक्यावर छप्पर लागतं, वर बघतं, विचार करतं, उतरतं. तो वरचा भाग ताणून बसवायचा नाही, जरा ढिला ठेवायचा. पंजाखाली हलणाऱ्या गोष्टीवर मांजर विश्वास ठेवत नाही. (बायको म्हणाली, "मीही नाही ठेवत, म्हणून तर तुम्हाला विचारतेय, खर्च किती?" तो आकडा तिला अजून सांगितलेला नाही, त्यामुळे इथेही सांगता येत नाही.)

फॅब्रिकेटरला बोलावलं. त्याने कंपाउंडवर टेप टाकला, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, "अँगल कुठं कलवायचा साहेब?"

"आत."

"आत?" त्याने पेन्सिल परत कानामागे ठेवली. "साहेब, चोर बाहेरनं येतो."

"चोरासाठी नाही. आतल्यांनी बाहेर जाऊ नये म्हणून."

त्याने घराकडे बघितलं. ओट्यावर आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. आवाज खाली आणून म्हणाला, "आजींसाठी होय? आमच्या चुलत्याचं पण तसंच होतं. पण साहेब, म्हाताऱ्या माणसाला नुसती कडी पुरते. एवढं कशाला?"

आईचे कान मठ्ठ्यापेक्षा तिखट आहेत. तिने शेंगा फोडणं थांबवलं नाही, पण त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

मांजरांसाठी आहे म्हटल्यावर त्याने काही विचारलं नाही. वेडाला औषध नाही हे त्याने धंद्यात पाहिलेलं असावं. तरी हाताची सवय ती सवय. दुसऱ्या दिवशी मी बँकेतून येईपर्यंत त्याच्या पोरांनी अकरा अँगल बाहेरच्या बाजूला कलवून ठोकले होते. ते सगळे कापून पुन्हा फिरवले. पाच फुटांची भिंत, त्यावर दीड फूट सरळ जाळी, त्यावर आत झुकलेली दोन फूट. सकाळी चहा घेऊन बागेत उभं राहिलं की येरवड्यात असल्यासारखं वाटायचं, फक्त जास्वंद जास्त.

मग फटी. माणसाचं गळ्याखालचं हाड खांद्याला जोडलेलं असतं, मांजराचं नुसतं स्नायूंत लटकवून ठेवलेलं असतं. त्यामुळे डोकं गेलं की मांजर गेलं. शिलाईच्या टेपने मठ्ठ्याचं डोकं मोजलं, तीन इंच भरलं. म्हणून फाटकाच्या गजांवर दीड इंची वेल्डमेश मारली. भिंतीच्या बुडाशी पावसाचं पाणी जायला चार इंची भोक होतं. गेली चाळीस वर्षं आम्ही त्याला ओलांडून चाललो होतो, कोणाच्या लक्षात नव्हतं. जिलबीला ते सातव्या मिनिटाला सापडलं. नशिबाने पलीकडून फॅब्रिकेटरचा पोरगा विडी ओढत बसला होता. भोकातून केशरी डोकं बाहेर आलं आणि त्याने किंचाळून विडी टाकली, त्या आवाजाने ते डोकं परत आत गेलं.

झाडांचंही एक प्रकरण झालं. कण्हेर विषारी, गेली. कोरफडही मांजरांना चालत नाही, ती कुंड्यांसकट गच्चीवर गेली आणि आईचे गुडघे तिच्या मागोमाग जिना चढू लागले. लिली आमच्याकडे नव्हती म्हणून बरं. खऱ्या लिलीचे परागकण नुसते अंगाला लागले आणि मांजराने चाटले, तरी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आता कोणी पुष्पगुच्छ घेऊन आलं की बायको आधी गुच्छ तपासते, मग माणसाला आत घेते.

राहिला शेवगा. सगळं कुंपण एका बाजूला आणि हा फितूर बुरूज एका बाजूला. तोडायला महापालिकेची परवानगी हवी, शिवाय आमटीत शेंगा हव्यात. मी इंटरनेटवर खूप शोधलं. त्यातले उपाय करायला झाडापेक्षा महाग झाड आणावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी आई कंटाळून म्हणाली, "माडाला उंदरांसाठी पत्रा मारतात, तसा मार की. नखं घसरतात."

दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा खोडाभोवती, जमिनीपासून पाच फुटांवर. दोनशे रुपये. पूर्ण प्रकल्पात पहिल्या झटक्यात चाललेली ही एकच गोष्ट.

उद्घाटन जूनच्या पहिल्या रविवारी. कॅनबेराहून लेक फोनवर. मी मागचं दार उघडलं. जिलबी उंबऱ्यावर थांबली, डावा पंजा गवताला लावला, झटकला, पुन्हा लावला. मग पोट जमिनीला घासत थेट भिंतीकडे. एका उडीत भिंतीवर, तिथून सरळ जाळीवर, तिथून वर... आणि डोकं टेकलं. तिने वर बघितलं. जाळी जराशी हलली. तिचे कान आडवे झाले. खाली आली, पेरूखाली बसली आणि मागचा पाय वर करून चाटायला लागली, जणू सकाळपासून ती तेच करत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. मठ्ठा या वेळात तुळशीच्या कुंडीत जाऊन झोपला होता.

महिनाभर दृष्ट लागण्यासारखं चाललं.

आता नगरसेवकाबद्दल. तो आमच्या भागातला बोका. राखाडी, चेहरा परातीएवढा, एक डोळा अर्धा मिटलेला. रोज वॉर्डात फेरी, प्रत्येक फाटकावर स्वतःची मोहोर, रात्री भाषणं, काम शून्य, म्हणून नगरसेवक. २०२२ च्या मार्चमध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि खरे नगरसेवक कित्येक वर्षं नव्हतेच, पण या पठ्ठ्याची फेरी एक दिवस चुकली नाही.

जुलैत तण माजलं. मी एका रविवारी कुंड्या स्वच्छ केल्या. आपोआप उगवणारी एक खोकली असते, नागमोडी कडांची पानं, हिरवे तुरे. ती मुळासकट उपटून मोठा ढीग कोपऱ्यात रचला. खोकलीच्या मुळांचा वास मांजरांना वेड लावतो, हे माझ्या दोन आठवड्यांच्या अभ्यासात नव्हतं. परदेशी वेबसाइटवर खोकली कोण लिहिणार? अर्ध्या तासात मठ्ठा ढिगात उताणा पडून डोकं घासत होता, तोंडातून लाळ, डोळे समाधीत. आयुष्यात पहिल्यांदाच तो पूर्ण जागा वाटला. मी दोघांना उचलून घरात घेतलं. ढीग तसाच राहिला.

रात्री अकराला बागेतून असा आवाज आला की शेजारच्यांनी दिवे लावले. टॉर्च मारला तर ढिगात नगरसेवक. पूर्ण नशेत. आम्हाला पाहताच उठला, भिंतीवर उडी, जाळीवर झेप, सरसर वर... आणि डोकं टेकलं.

मी टॉर्च धरून तसाच उभा राहिलो. बाहेरून चढणाऱ्याला ती कललेली जाळी म्हणजे नुसता उतार. दोन पावलं टाकायची आणि आत उडी घ्यायची. आतून बाहेर मात्र वाट नाही. आमच्या जाळीतून वाहतूक एकेरी होती. एवढा खर्च करून मी आख्ख्या सहकारनगरच्या मांजरांसाठी उंदराचा सापळा बांधला होता.

लेकीला फोन लावला. तिकडे पहाट. "हो बाबा, त्याला बाहेरूनही लावायचं असतं," ती झोपेत म्हणाली. "सांगितलं नव्हतं का मी?"

फाटक सताड उघडून आम्ही घरात लपलो. नगरसेवक फाटकाकडे फिरकला नाही. ज्या वाटेने आलो त्याच वाटेने जाणार, हा त्याचा बाणा. तीन दिवस तो पाण्याच्या टाकीखाली मुक्कामाला राहिला, तिथूनच भाषणं केली. जिलबी आणि मठ्ठा बागेत जायला तयार होईनात. सगळ्या आटापिट्यातून मोकळी झालेली मांजरं खिडकीत, बाग परक्याची. आई दोन वेळा बशीत दूध-भात कालवून टाकीपाशी सरकवायची. वर मलाच म्हणायची, "तू कोंडलंस, मग जेवू कोणी घालायचं?"

चौथ्या दिवशी भटक्या मांजरांची नसबंदी करून घेणाऱ्या एक ताई आल्या. या बोक्याच्या मागे त्या दोन वर्षं होत्या, पण तो कधी पिंजऱ्यात आला नव्हता. फाटकातून आत आल्या, कमरेवर हात ठेवून भिंतीकडे, जाळीकडे, शेवग्याच्या पत्र्याकडे गोल नजर फिरवली. म्हणाल्या, "काका, एवढा मोठा पिंजरा मी आजवर पाहिला नाही."

नगरसेवकाची मुदत त्या आठवड्यात संपली. डाव्या कानाचं टोक कापलेलं, अंग जरा सैलावलेलं, अशा अवस्थेत ताईंनी त्याला फाटकाबाहेर सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो टाकीपाशी रिकाम्या बशीसमोर बसलेला. आईने माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ भात कालवायला गेली.

त्याला बाहेर पडता यावं म्हणून मी पेरूवरून जाळीवर एक फळी टाकली. तिच्यावरून पहिली बाहेर पडली जिलबी. तासाभराने कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली सापडली. फळी काढली.

फाटक मात्र त्याला आता पटलंय. रोज रात्री साडेदहाला जेवण आटोपून तो फाटकाशी जाऊन बसतो आणि एकदाच, हलक्या आवाजात ओरडतो. पूर्वीसारखं भाषण नाही. मी चपला घालतो, किल्ली घेतो, कुलूप काढतो. तो लगेच जात नाही. उंबऱ्यावर थांबून रस्ता बघतो, शेपटी माझ्या पायजम्याला घासतो, मग निघतो. खिडकीतून जिलबी कट्कट् करत असते. सकाळी दूधवाल्याच्या आधी तो पुन्हा जाळीवरून आत आलेला असतो.