वह्या द्या, पण पोरांच्या माना वर राहू द्यात

आज वह्यावाटपाचा एक फोटो बघितला आणि डोकंच फिरलं. मागं देणाऱ्याच्या तोंडाचा भला मोठा फ्लेक्स, पुढं पोरं. एका पोरीनं वहीआड तोंड लपवलंय आणि एक पाहुणा तिचा हात खाली ओढतोय. लाज वाटत नाही?

२०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळच्या चिखलीच्या माझ्या आत्तीचं घर बुडालं. छावणीत किट वाटणाऱ्या एकानं तिला विचारलं, "मावशी, घरात फ्रिज हाय न्हवं? मग मागं थांबा." फ्रिज पाण्यात होता! जिच्या दारातनं कोण उपाशी गेलं नाही, तिनं त्या दिवशी पदर कपाळावर ओढून तांदूळ घेतले.

ही तपासणी जुनीच आहे. १८६९ साली लंडनमध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली. तिची माणसं गरिबांच्या घरात शिरून मदतीला लायक कोण, नालायक कोण ते ठरवायची. आजच्या सोशल वर्कमधल्या गृहभेटीचं एक मूळ तिथं आहे. आपल्या देशात १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, पुढं 'सुधारणेसाठी' सोलापूरसारख्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवल्या. भल्यासाठीच म्हणे!

यादी लागते, नाहीतर एकच माणूस दोनदा नेतो. बरं, मान्य. पण यादीला नाव पुरतं. आत्तीचा फ्रिज कशाला काढला?

शाहू महाराजांनीही हुकूमच काढले, असं कोणतरी म्हणेल. काढले. पोराला शाळेत धाडलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड होता. सत्ताच ती. पण १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्यांना नोकऱ्यांत निम्म्या जागा दिल्या, त्या हक्काच्या. १९१८ मध्ये 'गुन्हेगार' म्हणून रोज द्यावी लागणारी हजेरी बंद केली. आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या कोल्हापुरातल्या हॉटेलातला चहा ते सगळ्यांदेखत प्यायचे. राजा गिऱ्हाईक झाला, हो! त्या गावात आज पोरीचा हात ओढतात.

त्याच पुरात आसपासच्या गावांतनं भाकरीच्या बुट्ट्याही आल्या, हे सांगितलंच पाहिजे. एका बाईनं आत्तीला "आक्का, खावा" म्हणत भाकरी दिली आणि स्वतः तिच्याशेजारी जेवायला बसली. आत्ती त्या बाईचं अजून सांगते. तांदळाचं नाव काढत नाही.

वाटप करणाऱ्या मंडळात माझे मित्र आहेत, म्हणून इथंच लिहितोय. तो फोटो सगळ्या ग्रुपवरनं आजच काढा. पुढच्या वर्षी वह्या शाळेत पोचवा, वर्गशिक्षक वाटतील. फ्लेक्सच्या पैशात आणखी वह्या येतील.