शिकलेली माणसं फसतात कशी?

आमच्या घरच्या ग्रुपवर ‘डिजिटल अरेस्ट’ची बातमी आली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. कुणा निवृत्त माणसाला खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवलेलं असतं, आयुष्याची पुंजी गेलेली असते, आणि त्याखाली दाजींचं वाक्य येतं, “एवढी शिकलेली माणसं फसतात कशी?” मग कुणी त्या माणसाचा लोभ काढतं, कुणी अक्कल. परवा माझं डोकं फिरलं. इंग्लंडमधल्या सॉलिहलमध्ये बसून बोलतेय म्हणजे ‘तुला काय कळणार इथलं’ हे येणारच. येऊ दे.

दाजी, अरुप या ब्रिटिश कंपनीचं ऐका. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं बांधकामशास्त्र सोडवणारे हे इंजिनिअर. 2024 च्या सुरुवातीला त्यांच्या हाँगकाँग ऑफिसातल्या एका कर्मचाऱ्याला कंपनीच्याच अर्थविभागाच्या मोठ्या साहेबांच्या नावाने निरोप आला, एक गुप्त व्यवहार करायचाय म्हणून. त्याला संशय आला होता, हे लक्षात घ्या. मग व्हिडिओ मीटिंग झाली. साहेब होते, ओळखीचे सहकारी होते, चेहरे तेच, आवाज तेच. सगळे एआयने बनवलेले. त्याने 15 वेळा पैसे पाठवले, मिळून 20 कोटी हाँगकाँग डॉलर. कुठला लोभ होता त्याला? साहेबाने सांगितलेलं काम केलं बिचाऱ्याने.

पूर्वी आपण खोटं ओळखायचो ते चुकांवरून. केवायसीच्या मेसेजमधलं भलतंच स्पेलिंग, मोडकंतोडकं मराठी, ‘पोलिसा’चा विचित्र हेल. त्या खुणा एआयने पुसून टाकल्या. आवाजाची नक्कल करायला काही सेकंदांचं रेकॉर्डिंग पुरतं, आणि आपल्याकडे तर बारशापासून साठीशांतीपर्यंत सगळ्यांची भाषणं यूट्यूबवर आहेत. अशा वेळी ‘मी नसतो फसलो’ म्हणणं सोपं आहे, कारण अजून तुम्हाला फोन आलेला नाही.

आणि हा न्याय फक्त एकट्यादुकट्यालाच का? 2018 च्या ऑगस्टमध्ये सायबर हल्ल्यात पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे 94 कोटी गेले, 28 देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या. तेव्हा बँकेला कुणी लोभी म्हटलं नाही. 2025 मध्ये इथे जग्वार लँड रोव्हर या मोटार कंपनीवर तसाच हल्ला झाला. मालक मुंबईचे टाटा, बंद पडला आमच्या सॉलिहलचा कारखाना. पाच आठवडे गाडी निघाली नाही, शेवटी सरकारने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली. बावळट कोण, अशी चर्चा ना इकडे झाली ना तिकडे.

इथे 7 ऑक्टोबर 2024 पासून नियम आहे. फसवून तुमच्याच हाताने पैसे पाठवून घेतले, तरी बँकेने 85,000 पौंडांपर्यंत भरपाई द्यायची. निम्मा भार पाठवणाऱ्या बँकेवर, निम्मा घेणाऱ्या बँकेवर. खिशाला चाट बसायला लागल्यावर बँकांना आपोआप दक्षता सुचते. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात मात्र ओटीपी स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच ठरवलं होतं. (पैसे देशाबाहेर गेले तर इथलाही नियम लागू होत नाही. दाजी शोधून काढतीलच, म्हणून आधीच सांगते.)

यावर दाजींनी ‘महाक्राइमओएस’ या पोलिसांच्या तपासाच्या साधनाची बातमी टाकली. राज्यातल्या 1,100 पोलीस ठाण्यांत एआय येणार, तुमच्याकडे काय आहे? मी इथल्या ओटू या मोबाइल कंपनीची ‘डेझी’ टाकली. ही एआय आजीबाई भामट्यांना फोनवर विणकामाच्या गप्पांत गुंतवून त्यांचा वेळ खाते. ग्रुपवर तिच्यावर सगळे खूश झाले, माझा नियम मात्र कुणी वाचला नाही. खरं तर पोलिसांचं ते साधन मलाही आवडलं. बँकांचे उतारे आणि कॉलच्या नोंदी माणसाने चाळत बसायच्या तर महिने जातात. पण ते तपासाचं काम झालं, तोवर पैसे दहा भाड्याच्या खात्यांतून पसार झालेले असतात.

मग दाजींनी नेमका घाव घातला. “तुझ्या आवाजात आईंना फोन आला तर?”

खरं आहे. परदेशातली मुलं म्हणजे या धंद्याचं आयतं भांडवल. अपघात, व्हिसा, विमानतळावरची अटक, आमच्याबद्दल काहीही सांगा, मिरजेत खरं वाटतं, कारण आम्ही इथे कसे राहतो ते तिथे कुणी पाहिलेलंच नसतं. मी लगेच आईला फोन लावून म्हटलं, आपण परवलीचा शब्द ठरवू. ती म्हणाली, “कशाला? तू रविवारशिवाय फोन करतेस कधी? मधल्या वारी आला तर मी समजेन, ही आपली नव्हे.”

बँकांनी लाखो पौंड ओतूनही असली यंत्रणा उभी राहणार नाही, आणि ती चालते माझ्या गैरहजेरीवर. ‘तुला काय कळणार इथलं’चं उत्तर माझ्याकडे होतं, याचं नव्हतं. उद्या खरंच अडचणीत सापडून मी बुधवारी फोन केला, तर आई शांतपणे ठेवून देईल, वर ताईला सांगेल की कसा पकडला भामट्याला.

शब्द ठरवूनच घेतला. तो दाजींनाही सांगणार नाही.