‘पोरांना काम नको’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला नाशिकहून उत्तर

सध्या नाशिकच्या सोसायट्यांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आणि उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: देशात बेरोजगारी फक्त ३.२ टक्के आहे. अंबड-सातपूरला गेटागेटावर ‘कामगार पाहिजेत’ची पाटी आहे, पण आपल्या पोरांना घाम गाळायचा नाही. परप्रांतीय येऊन कमावून जातात आणि आपली पोरं भरतीच्या नादात तिशी गाठतात. ज्यांना अक्कल आहे ते डिलिव्हरी करून महिन्याला चाळीस हजार काढतात, स्वतःच स्वतःचे मालक. उरलेल्यांचं काम उद्या मशीन नाहीतर एआय करणार, मग बसा बोंबलत. खाली हात जोडलेला इमोजी आणि ‘कटू आहे पण सत्य आहे’.

कटू आहे एवढं मान्य. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांची आणि काही ठेकेदारांची पीएफ-ईएसआयसीची (भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विम्याची) कागदपत्रं करतो, म्हणजे माझंही पोट त्या पाट्यांवरच चालतं. म्हणूनच सत्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

३.२ टक्के हा आकडा खोटा नाही. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणाचा, २०२३-२४ सालचा, १५ वर्षांवरच्या सगळ्यांसाठीचा आहे. पण तो कसा मोजतात ते मेसेज सांगत नाही. वर्षाचा बराचसा काळ काम शोधण्यात गेला आणि मध्ये तीसेक दिवस लासलगावला कांदा भरायला गेला, तर त्या पोराला या हिशेबात बेरोजगार धरत नाहीत. बापाच्या पानटपरीवर किंवा घरच्या वावरात पगाराशिवाय राबणारेही ‘कामावर’ असतात. कामावर असलेल्यांत असे सुमारे १९ टक्के निघाले. त्यांना धरून स्वयंरोजगारवाले ५८ टक्के, आणि ठरलेला पगार घेणारे जेमतेम २२ टक्के. त्याच अहवालात १५ ते २९ वयाच्या तरुणांतली बेरोजगारी १०.२ टक्के आहे. मेसेज शिव्या घालतो तरुणांना आणि आकडा देतो आजोबांपासून सगळ्यांचा.

आता पाटी. पाटी खरी आहे, हे मीच सांगतो. ऑपरेटर मिळत नाही म्हणून रडणारे कारखानदार मला रोज भेटतात आणि ते नाटक करत नसतात. पण पाटी कंपनीच्या गेटवर असली तरी भरती बहुतेक वेळा कंपनीची नसते, ठेकेदाराची असते. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत या शतकाच्या सुरुवातीला पाचातला एक कामगार ठेकेदारामार्फत आलेला असायचा. वार्षिक उद्योग सर्वेक्षणात २०२२-२३ साली हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेलेलं दिसतं. नाशिकच्या चौकांना अजून मायको सर्कल, एबीबी सर्कल अशी कारखान्यांची नावं आहेत. ज्या पिढीने ती दिली तिला कंपनीत ‘लागणं’ म्हणजे सिडकोत घर, मुलांची शिक्षणं आणि निवृत्तीपर्यंतची निश्चिंती एवढं सगळं कळायचं. ओझरचं एचएएल, नाशिकरोडची प्रेस, सातपूरचे मोठे कारखाने, सगळीकडे तोच अर्थ होता. मेसेज लिहिणारे काका त्याच पिढीचे असावेत. त्यांच्या डोक्यातली पाटी तीच आहे, गेटच्या आतला माल बदललाय.

आत काय बदललं ते मस्टर बघून कळतं. माझ्यासमोर येणाऱ्या ठेकेदारांच्या हजेरीपत्रकांत हेल्परच्या नावापुढे बारा ते पंधरा हजारांच्या आतबाहेर रक्कम असते. शिफ्ट कागदावर आठ तासांची, प्रत्यक्षात बाराची, आणि ओटी, म्हणजे जादा तासांचा पगार, दुपटीने द्यायचा असतो हे कायद्यात लिहिलेलं असतं. पण पगारापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ब्रेक. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायदा सलग सेवा धरतो, मग काढताना नोटीस आणि भरपाई आली. म्हणून सात महिने झाले की पोराला ‘थोडे दिवस घरी बस’ म्हणायचं आणि पुन्हा घ्यायचंच झालं तर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर घ्यायचं. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच, मशीन तेच, सुपरवायझर तोच. ईएसआयसीचा आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या टप्प्यात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ब्रेक नेमका मध्ये आला की तीही उडते. नेहमीच्या कामगाराला ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, म्हणजे तो विषयच नको. एकाच पोराचं नाव वर्षभरात दोन-तीन ठेकेदारांच्या पीएफच्या चलनात मी स्वतः टाकलंय. दहा वर्षं काम केलेला माणूस कागदावर कायम नवीनच असतो. बँक त्याला घरासाठी कर्ज देत नाही, आणि मुलगी बघायला गेलं की ‘पर्मनंट आहे का?’ हाच पहिला प्रश्न.

यात ठेकेदाराला किंवा लहान कारखानदाराला राक्षस ठरवून चालणार नाही. त्याच्यावरही वरून दाब असतोच. मोठी कंपनी तिला पार्ट पुरवणाऱ्या वेंडरकडे दरवर्षी ‘कॉस्ट डाऊन’ मागते: पार्ट तोच, भाव दोन-तीन टक्के कमी करा. शेड्यूल आज हजार नगांचं, पुढच्या महिन्यात सहाशेचं. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर त्या खर्चाची करसवलत त्या वर्षी मिळणार नाही, असा नियम २०२४ पासून लागू झाला. तो करावा लागला यातच सगळं आलं. मोठ्या कंपनीने मागणीच्या चढउताराची जोखीम वेंडरवर ढकलली, वेंडरने ठेकेदारावर आणि ठेकेदाराने पोरावर. पोराच्या खाली कोणी नाही, म्हणून ती तिथे थांबते. एवढं करून पैसा कुठे गेला, याचं उत्तर सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत सापडतं: २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि नोकऱ्या १.५ टक्क्यांनी.

दोन दिवसांत पळून जाणारी पोरं असतात का? असतात, आणि काही खरोखर कामचुकारही असतात. पण बूट-ड्रेसचे पैसे पहिल्याच पगारातून कापले जाणार आणि सातव्या महिन्यात घरी बसावं लागणार हे ज्याला पहिल्या दिवशी कँटीनमध्ये कळतं, तो दुसरीकडे पाचशे रुपये जास्त मिळाले की जातो. कंपनी बांधील नाही, तर तो का असावा? ज्यांना पोरं टिकवायची आहेत त्यांनी पाटीवर चार गोष्टी लिहून बघाव्यात: हातात किती पडणार, शिफ्ट खरी किती तासांची, पीएफ कुणाच्या कोडवर, म्हणजे कंपनीच्या की ठेकेदाराच्या, आणि ब्रेक आहे की नाही. मला अजून अशी एकही पाटी दिसलेली नाही.

परप्रांतीयांचा मुद्दा पटकन संपवतो, कारण त्यात फारसं काही नाही. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला मुलगा अंबडजवळ चुंचाळ्याला एका खोलीत सात-आठ जणांबरोबर राहतो. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच गाद्यांवर झोपतात. त्याचं कुटुंब गावी, गावच्या खर्चात जगतं, म्हणून तेरा हजारांतले सात तो घरी पाठवू शकतो. सिडकोत भाड्याने राहून आईवडील सांभाळणाऱ्या पोराला त्याच तेरा हजारांत ते जमत नाही. हा संस्कारांचा फरक नाही, भाड्याचा आहे. आणि आळसाचंच बोलायचं तर द्राक्षछाटणीच्या दिवसांत एकदा दिंडोरी-निफाडकडे जाऊन यावं. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळ्या एकराच्या उक्त्या भावाने छाटणी, काडीला पेस्ट, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं) करताना दिसतील. तीही ‘आपलीच पोरं’ आहेत. बागेच्या कडेला पाल ठोकून राहणारी ही माणसं मेसेज लिहिताना मोजायची राहिली असावीत.

भरतीचा नाद. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले. त्याआधी २०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर धावणाऱ्या पोरांना हे गणित कळत नाही असं समजू नका. शंभरातला एकच लागणार हे त्यांना पाठ असतं. तरी ती धावतात, कारण लागलेल्या एकाला जे मिळतं ते बाहेर पूर्वी पुष्कळ ठिकाणी मिळायचं आणि आता जवळपास कुठेच मिळत नाही. पाच वर्षं जाळणं मलाही पटत नाही, क्लासवाल्यांच्या फिया तर अजिबात नाहीत. पण याला मूर्खपणा म्हणण्याआधी दुसरी खिडकी कुठली उघडी आहे ते तरी सांगा.

आता तो चाळीस हजारांचा मालक. धरून चालू की एखादा सणासुदीचा महिना, रोज बारा-तेरा तास, पावसातही, आणि खात्यात खरंच चाळीस आले. दिवसाला १०० किलोमीटर गाडी पळाली आणि ४५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर सव्वादोन लिटर पेट्रोल, म्हणजे शंभराच्या वरच्या भावाने सव्वादोनशेच्या पुढे. सव्वीस दिवसांचे सहा हजार गेले. गाडीचा हप्ता, टायर, चेन, ऑइल, मोबाइलचा रिचार्ज वेगळा. गाडीची झीज तो धरतच नाही, कारण ती तीन वर्षांनी एकदम दिसते. पाथर्डी फाट्यावर घसरून पाय मोडला तर त्या महिन्याची कमाई शून्य. मालक तो, ज्याला भाव ठरवता येतो. इथे भाव अ‍ॅप ठरवतं, इन्सेंटिव्हचा टप्पा अ‍ॅप बदलतं, आणि आयडी बंद झाली तर कुणाला जाब विचारायचा तेही अ‍ॅपच सांगतं. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात असे गिग कामगार २०२०-२१ साली ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज होता. म्हणजे हा चार हुशार पोरांचा जुगाड राहिलेला नाही.

‘पण ही नवीन अर्थव्यवस्था आहे, जुने कायदे कसे लावणार’ असं यावर म्हटलं जातं. महाराष्ट्रात तरी हे कुणी म्हणू नये. मार्केट यार्डातल्या हमालाचा मालक कोण? सकाळी एक व्यापारी, दुपारी दुसरा, संध्याकाळी ट्रकवाला. एक कामगार आणि अनेक मालक, हाच तर गिगचा प्रश्न. त्यावर आपल्या राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही मंडळाकडे. मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, द्यायची. त्या लेव्हीतून हमालाला पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार. यात भांडणं होतात, बोगस माथाडींचा त्रास आहे, आणि हमाली-तोलाईच्या वादात २०२४ च्या एप्रिलमध्ये आपल्याच जिल्ह्यात कांद्याचे लिलाव बंद पडले होते. तरीही छापील पावत्यांच्या काळात जे जमलं ते प्रत्येक ऑर्डरचा सेकंद मोजणाऱ्या अ‍ॅपच्या काळात जमणार नाही, हे मला पटत नाही. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी वेगळा कायदा केला. केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि त्यांत अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे आहेत, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. रक्कम फार नाही, पण निदान ‘मालक’ या गोड शब्दामागचा कामगार कायद्याला दिसला.

राहिलं मशीन. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. पूर्वी एका मशीनवर एक ऑपरेटर उभा असायचा, आता एकजण दोन-तीन सीएनसी बघतो, वेल्डिंगला रोबो आलेत. पण नाशिकची खरी धास्ती एआयची नाही, डिझेलची आहे. इथल्या कितीतरी लहान शॉपचं आयुष्य डिझेल इंजिनाच्या नोझल आणि इंजेक्टरच्या भोवती गेलं. विजेच्या गाडीत इंजेक्टरच नसतो. २०२० ला धुराच्या प्रदूषणाचा बीएस-सहा नियम आला तेव्हा छोट्या डिझेल गाड्या अनेक कंपन्यांनी बंदच केल्या. पुढे काय येणार याची ती झलक होती. हा बदल पोरांच्या आळसाने आलेला नाही आणि त्यांच्या कष्टाने थांबणारही नाही. मायक्रॉनमध्ये काम करणारे हात इथे तयार आहेत, त्यांना मोटर, बॅटरी, विमानाचे पार्ट शिकवता येतील. ते शिकवायला लागणारे सहा महिने आणि त्या काळातला पगार कोण देणार, एवढाच प्रश्न आहे. सरकारने २०२४ मध्ये युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. शिक्षणाप्रमाणे सहा, आठ, दहा हजार विद्यावेतन, आधी सहा महिने, नंतर अकरा. मुदत संपल्यावर कामावर ठेवायचं बंधन कुणावर नाही.

नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी आहे, ही चांगली गोष्ट. पण त्यासाठी नेमणुकीचं पत्र लागतं. लाइन बंद झाली की पर्मनंटला व्हीआरएसचं (स्वेच्छानिवृत्तीचं) पाकीट मिळतं आणि शेजारी तेच काम करणाऱ्या ठेक्यावरच्या माणसाला गेटपास जमा करायला सांगतात. त्याची एक्झिट डेट पीएफच्या पोर्टलवर मीच टाकतो. कारणाच्या रकान्यात ‘काम आवडलं नाही’ असा पर्याय मला अजून सापडलेला नाही.