पाच खाचा आणि एक मामा

माझे मामा रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून गोव्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा दोष ते माझ्या मोटारसायकलला देतात. कधी पेन्शनचं काम, कधी डोळ्यांचे डॉक्टर, कधी नुसतंच 'जरा पणजीला जाऊन येऊ' म्हणून त्यांना म्हापशाहून मागे बसवून न्यावं लागतं. गिरीपर्यंत ते गप्प असतात. पर्वरी आली, पहिला आचका बसला, की मागून निकाल लागतो: "तुझे शॉकॲब गेलेत." रस्ता गेलाय असं मामा जन्मात म्हणणार नाहीत. ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्याला जागणारी ती शेवटची पिढी.

अटल सेतूवर दुचाकींना मज्जाव, त्यामुळे आम्ही शेजारच्या पुलावरून मांडवी ओलांडतो. पुलाच्या दर सांध्यावर गाडी ठक्क करते आणि दर ठक्कला मामांना १९८६ आठवतं. त्या जुलैत मांडवीवरचा पहिला पूल कोसळला होता. "पूल पडला तरी मी ऑफिसात वेळेवर! फेरीबोटीनं जायचो. कसला आचका नाही, कसला धक्का नाही," मामा माझ्या कानात ओरडतात. फेरीबोटीशी तुलना झाल्यावर कुठल्याही मोटारसायकलनं काय करावं?

शेवटी गाडी गॅरेजवाल्याकडे नेली, मामांसकट. त्यानं सीटवर दोन्ही हात ठेवून गाडी जोरात दाबली आणि सोडली. मागची बाजू वर आली आणि मुकाट्यानं थांबली. ऑईल संपलेले शॉक असते तर ती दोन-चार वेळा वरखाली नाचली असती. मग त्यानं शॉकच्या दांड्यावरून बोट फिरवलं, बोट कोरडं. एकदा मामांकडे बघून त्यानं कोकणीत निदान सांगितलं, "शॉक बरो आसा. मनीस जड आसा."

मामा नव्वद किलोच्या पुढे आहेत. किती पुढे, हे घरात कुणी विचारत नाही.

उपाय शॉकवरच होता. स्प्रिंगच्या बुडाशी एक कडं असतं, त्याला पायऱ्यांसारख्या पाच खाचा. कडं फिरवून वरच्या खाचेवर नेलं की स्प्रिंग आधीच जास्त दाबून बसते. याला म्हणतात प्रीलोड. यानं स्प्रिंग कडक होते असं आमच्या वाड्यावर सगळे छातीठोकपणे सांगतात, पण स्प्रिंगचा कडकपणा आहे तेवढाच राहतो. गर्दीच्या बसमध्ये चेपून बसलेल्या माणसासारखं तिचं होतं: स्वभाव तोच, फक्त बारीकसारीक धक्क्याला ती जागची हलत नाही. वजन बसल्यावर गाडी किती खाली बसायची, एवढंच त्या कड्याच्या हातात. धक्क्यानंतर गाडी नाचू न देणं हे आतल्या तेलाचं काम. बारीक भोकांतून ते सावकाश इकडून तिकडे जातं, त्याच्यात या पाच खाचांची लुडबुड चालत नाही.

कडं फिरवायला आकड्याच्या तोंडाचा पाना लागतो. तो गाडीबरोबर येतो आणि गाडी घरी पोचेपर्यंत हरवतो. हा सार्वत्रिक नियम असावा, कारण वाड्यावर एकाकडेही तो सापडला नाही. गॅरेजवाल्याचा मागून आणला. पण ज्या गोव्यात वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा वाहतो, तिथं लोखंडाचं कडं असं सहजासहजी फिरेल? गंजाचा तांबूस पापुद्रा, त्यावर वाळलेला लाल चिखल, त्यात अडकलेलं सुरूचं एक पान. ब्रशनं घासलं, रॉकेल सोडलं, तासभर वाट पाहिली. मग पाना लावून जोर दिला तेव्हा 'कर्र...टक्' असा आवाज झाला आणि कडं एक खाच वर चढलं. त्या 'टक्'नं झालेला आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (बायको हे वाचत नाही.) दुसऱ्या बाजूचं कडंही तेवढंच वर. दोन्ही बाजू सारख्या खाचेवर हव्यात.

आता मोजणी. माझ्या गाडीचं मागचं चाक साधारण ८० मिलीमीटर वरखाली होतं. माणसं बसल्यावर त्यातलं पाव ते एक तृतीयांश, म्हणजे २० ते २७ मिलीमीटर, खर्ची पडावं. बाकीचं खड्ड्यांसाठी राखीव. शेजाऱ्यानं हँडल धरलं, मी बसलो, मागे मामा, आणि बायको शिवणकामाची टेप घेऊन चाकाच्या आसापासून वरच्या बोल्टापर्यंतचं अंतर मोजायला खाली वाकली. आधी चाक अधांतरी ठेवून घेतलेलं माप तिनं भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं. फरक निघाला ४५. निम्म्याहून जास्त मामांनी जागेवरच संपवलं होतं! रात्री माझा हेडलाइट रस्ता सोडून माडांचे शेंडे का दाखवतो, तेही कळलं: मागची बाजू बसली की पुढचा दिवा आभाळाला लागतो.

एव्हाना अंगणात सभा भरली होती. एकजण म्हणाला, गॅसचे शॉक टाका, लोण्यासारखे चालतात. गॅस म्हणजे नायट्रोजन. तेल फेसाळू नये म्हणून तो भरतात, सीट मऊ व्हावी म्हणून नव्हे. पण सभेत असं बोलायचं नसतं. शेवटी शहाणपणाचं बोलला तो पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल चालवणारा एक पायलट, म्हणजे आमच्याकडचा मोटारसायकल-टॅक्सीवाला. दिवसभर तो मागच्या सीटवर कधी कोळीण आणि तिची पाटी, कधी पाठीवर घर बांधून आलेला परदेशी पाहुणा नेतो. त्यानं काही न मोजता टायर अंगठ्यानं दाबला. "हवा किती?"

चाळीस. पंपावरचा पोरगा सगळ्यांना चाळीसच भरतो, विचारायची पद्धत नाही. चेनच्या कव्हरवरचा स्टिकर एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ३२ म्हणतो. इतका फुगलेला टायर बारीक खडासुद्धा सरळ मामांच्या मणक्यात पोचवतो, मग शॉकनं काय करायचं? हवा ३२ वर आणली आणि कडं शेवटून दुसऱ्या खाचेवर. मामा पुन्हा बसले. फरक २८, मामांच्या मानानं सोवळंच म्हणायचं.

या खाचेवर एकट्यानं गेलो की मात्र मागचं चाक डांबरावर टिकत नाही, टुणटुण उडतं आणि माझे दात वाजतात. मामांना उतरवून मी अंधारात बसून कडी खाली घेतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. गॅरेजवाला पाना परत मागत होता, आता मागत नाही.

काल पुलावरचे सांधे गेले आणि मागून १९८६ आलं नाही. पुलापलीकडे पणजीतलं पाटो आलं तेव्हा मामा म्हणाले, "आता बरी झाली हां गाडी. सोमवारी डिचोलीला जाऊ. माझी जुनी माणसं आहेत तिथं."

"रस्ता कसा आहे, मामा?"

"मी केला तेव्हा चांगला होता."