पंच म्हणून काका

माजिवड्याच्या सिग्नलला पुढचा टेम्पो गडगडत मागे आला, माझ्या गाडीचं तोंड फोडलं आणि हिरवा दिवा लागताच पसार झाला. टेम्पोवाल्याला मी केव्हाच माफ केलंय. काकांना अजून नाही.

काका आमच्या तळमजल्यावरचे, रिटायर्ड तलाठी. उभा जन्म पंचनामे करण्यात गेला. आता हाताला काम नाही, म्हणून सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्तही 'समक्ष हजर राहून' अशा भाषेत लिहितात. विम्याचा सर्व्हेयर गॅरेजला येणार हे कळल्यावर "एकटा जाऊ नकोस, गुंडाळतात," म्हणत माझ्याआधी रिक्षात जाऊन बसले.

वागळे इस्टेटच्या त्या गॅरेजात सर्व्हेयर आला तो पोरसवदा. पाठीवर सॅक, चेहऱ्यावर कंटाळा. चासी नंबरचा फोटो काढला, मीटरचा काढला आणि फुटक्या हेडलाइटवर नखानं टकटक केलं.

"प्लास्टिक."

"काच आहे," मी म्हटलं. काचेला घसारा (भागाच्या झिजेपोटी विमा कंपनी कापते ती रक्कम) शून्य, एवढं मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं.

काकांनी वाकून दुसरा हेडलाइट वाजवला. "प्लास्टिकच. काचेचा नाद वेगळा असतो, साहेब."

प्लास्टिक म्हणजे थेट 50 टक्के घसारा. बंपर प्लास्टिकचा, ग्रिल प्लास्टिकची. बॉनेट तेवढं पत्र्याचं. पण गाडीनं चार वर्षं ओलांडलेली, म्हणून तिथं 35 टक्के. रंगाच्या मालातलेही निम्मे गेले. वर दर क्लेममागे सक्तीचे हजार रुपये आपल्या खिशातून. 'झिरो डेप', म्हणजे घसारा न कापणारा विमा, 'घेतलं नव्हतं का?' असं गॅरेजातल्या चहावाल्या पोरानंसुद्धा विचारलं. हप्ता भरताना कुठे असतात ही माणसं?

"आणि मागच्या दारावर हा ओरखडा?" सर्व्हेयर.

"त्याच सुमाराचा," मी मोघम बोललो.

"छे छे!" काका कडाडले. "तो आपल्या गेटच्या खांबाचा. गौरी विसर्जनाचा दिवस. मी समक्ष हजर होतो."

सर्व्हेयरनं पहिल्यांदाच मोबाइलमधून मान वर काढली. काकांना तेवढं पुरलं.

"लिहून घ्या साहेब. सदर ओरखडा अंदाजे दोन वीत लांबीचा असून उत्तर-दक्षिण..."

"काका, गाडी आहे ती! उत्तर-दक्षिण कसली?"

"आत्ता उभी आहे ना? सद्यस्थिती लिहायची असते. पूर्वेस कॉम्प्रेसर, पश्चिमेस... हे गृहस्थ कोण?"

"पेंटर," गॅरेजवाला म्हणाला.

"पश्चिमेस पेंटर. त्यांची सही घ्या, पंच म्हणून चालतील."

पेंटरनं हात पुसले. खरंच सही करायला पुढे आला बिचारा!

"दाराचा वेगळा क्लेम टाका," सर्व्हेयर मला म्हणाला. "त्याचे हजार पुन्हा वेगळे." काकांना मात्र त्यानं वाकून नमस्कार केला. अशी साक्ष त्याला रोज कुठे मिळणार?

त्या पोराचा राग नाही. धंदाच तसा आहे; फुटलेलं मोजायचं आणि ऐकून घ्यायचं. राग हिशेबाचा आहे. एक दमडी न मागता चार वर्षं काढली, तेव्हा कुठे 45 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट, जमला. तो हप्त्यातल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावरच, तरी आपला होता. या एका क्लेमनं तो साफ गेला. घसारा, हजार रुपये आणि हा बोनस धरून गणित मांडलं, तर टेम्पोवाल्यानं मला आणखी थोडं जोरात ठोकायला हवं होतं. मी पैसे भरत होतो ते नक्की कशाचे? वर 'आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात' असे मेसेज. मौल्यवान खरेच, म्हणून तर घसारा लावता!

परतताना काका खुशीत होते. "पोरगा कच्चा आहे. चतुःसीमा लिहिल्याच नाहीत. पुढच्या वेळी आधी सांग, कार्बन पेपर घेऊन येतो."

रिक्षाचं भाडं मीच दिलं. ते क्लेममध्ये बसत नाही. विचारलं होतं.