मिड कुणालाच नकोत

गिटारच्या अ‍ॅम्पवर बास म्हणजे खालचे सूर, मिड म्हणजे मधले आणि ट्रेबल म्हणजे वरचे, असे तीन नॉब असतात. त्यातला मिड परभणीत कुणालाच नको असतो. ऑटोतल्या टेपपासून लग्नातल्या डीजेपर्यंत एकच रीत: बास फुल, ट्रेबल फुल, मधलं सगळं गायब. छातीत धडधडलं आणि कानात छनछन झालं की आवाज ‘क्लिअर’ आहे असं ठरतं. अ‍ॅम्पही काही साधुसंत नाहीत म्हणा. फेंडर कंपनीच्या जुन्या धाटणीच्या अ‍ॅम्पात तिन्ही नॉब मधोमध ठेवले तरी मिड दबलेलेच असतात. जवळपास सपाट आवाज हवा तर बास-ट्रेबल शून्यावर आणि मिड दहावर न्यावा लागतो. हे आमच्या ऑर्केस्ट्रात सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग विषय बदलतात.

आमच्या धाकट्या गिटारवाल्यानं सात स्लायडरचं इक्वलायझर पेडल घेतलं, एकेका स्लायडरनं खालपासून वरपर्यंतचा एकेक पट्टा कमी-जास्त करायचं. १०० आणि ६४०० हर्ट्झ टोकाला वर, ४०० आणि ८०० पार तळाला. घरी, बारीक आवाजात, टोन सोन्यासारखा. त्यात नवल नाही. आवाज लहान असला की कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमीच ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून ठेवलंय. म्हणून तिथं ते वाढवलेले गोड लागतात. गणपतीच्या स्टेजवर मात्र खालचा भाग बास गिटार आणि ड्रमच्या किकनं खाल्ला, वरचा सिम्बलनी, आणि गिटारचा हक्काचा मधला प्लॉट यानं स्वतःच विकून टाकलेला.

साऊंडचा ऑपरेटर ओरडला, “ए भैय्या, गिटार चालू कर की!”

“चालूच हाय की!”

माझी झुंज वेगळी आहे, कूलरशी. मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, “जरा कूलर बंद करा, टोन लावायचाय” म्हणायची माझी छाती नाही. लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर पकडणारं गिटारवरचं एकेरी वेटोळं) आनंदानं उचलतो आणि कूलर वरून १०० ची भर घालतो. माझ्याही पेडलचा १०० चा स्लायडर खाली ओढला की गुणगुण दबते, पण जाड तारेचा ई सूर ८२ हर्ट्झचा, तोही तिच्याबरोबर वाळतो. लाइट गेली की गुणगुण मुळासकट जाते. अ‍ॅम्पही जातो, एवढीच अडचण.

एकदा आई दारात येऊन म्हणाली, “आरं, त्या कूलरपरीस तुझंच लई घुमायलंय.”

निदान अचूक होतं. आमच्या खोलीत २०० च्या आसपास आवाज कोंदतो. तो स्लायडर बोटभरही नाही, नखभर खाली घेतला आणि आई काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. याहून मोठी पावती मला आजवर कुणी दिलेली नाही.

खरा छळ पुढं आहे. हे पेडल डिस्टॉर्शनच्या (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलच्या) आधी लावायचं की नंतर? आधी ८०० वाढवले तर आवाज फारसा मोठा होत नाही, तेच सूर जास्त फाटतात. नंतर वाढवले तर फाटणं तेवढंच राहतं आणि गिटार गर्दीतून पुढं येते. सोलोसाठी मी नंतर लावतो. पण हॉल बदलला की सगळं पहिल्यापासून. बनी तो बनी, नहीं तो परभणी.

एवढं करून मी ८०० वर नेऊन ठेवतो, आणि तिकडं मिक्सरवर ऑपरेटर तेच खाली घेतो. “दादा, मिड लई व्हायले होते, काढून टाकले.” म्हणून हल्ली केबल त्याच्या हातात देताना मी आधी विचारतो, “जेवलास का?” जेवलेला ऑपरेटर निवांत बसून राहतो, नॉबला हात लावत नाही. उपाशी असला तर मीच त्याला वडापाव आणून देतो.