पपईची पंगत

आमच्या मागच्या अंगणात (अंगण म्हणजे काय, पुण्यातल्या तळमजल्यामागची चिंचोळी पट्टी) एक पपईचं झाड आहे, त्याला या मे महिन्यात नऊ पपया धरल्या आणि त्यातली एकही मला अजून धड खायला मिळालेली नाही.

पहिलीला पिवळा डोळा पडला तेव्हा मी म्हटलं राहू दे दोन दिवस झाडावरच, चांगली पिकू दे. चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर येतो तर खार उलटी लटकून सालीला भोक पाडतीये. म्हणजे उद्घाटन तिच्या हस्ते. कुरतडायचे दात असल्यावर जरा कडक साल पण चालते. इतका वेळ बुलबुलांची जोडी, ते लालबुडे, केबलच्या वायरवर बसून साळसूदपणे भलतीकडेच बघत होती, जणू बसची वाट बघतायत. भोक पडलं, खार जरा बाजूला झाली की लगेच हे दोघं पानावर. मग चष्मेवाले, अंगठ्याएवढे पक्षी, डोळ्याभोवती पांढरी रिंग, कुठल्या तरी लग्नाला निघाल्यासारखे घोळक्यानेच येतात. खाली सांडलेला गर मुंगळ्यांचा. हे सगळं इतकं शिस्तीत चालतं की आमच्या सोसायटीच्या मीटिंगला दाखवावं.

मग येतो कोकीळ. काळा कुळकुळीत, लाल डोळे, आल्या आल्या यजमानासारखा मधोमध बसतो, बुलबुल दोन देठ सरकून बसतात पण जात मात्र नाहीत. कारण त्यांना माहितीये पुढे काय होणारे ते. कोकीळाने दोन घास खाल्ले नाहीत तोच कावळा त्याच्या पाठी लागतो. कावळ्याला तेव्हा पपईशी काही देणंघेणं नसतं, त्यांचं मॅटर वेगळं आहे, अंड्यांचं, कोकिळा त्याच्या घरट्यात अंडी घालून जाते ते, अशा घरगुती भांडणात आपण पडू नये. पण त्या पळापळीत बुलबुल परत पहिल्या पाटावर!

एकमत फक्त मांजर आल्यावर. खार शेपटी उडवत चिर्रर्र चिर्रर्र सुरू करते आणि सगळे एका सेकंदात गायब. परवा तिने अशी बोंब मारली तेव्हा मी पण कप घेऊन दोन पायऱ्या मागे आलो, का ते विचारू नका.

रात्रीची पंगत वटवाघळांची. सकाळी उरलेली अर्धी पपई बघून मी म्हटलं चांगल्या बाजूने कापून घेतो, तर ही ओरडली, "अहो, केरळात २०१८ साली वटवाघळांचा तो निपाह व्हायरस आला तेव्हा काय सांगत होते? उष्टं फळ खायचं नाही!" बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, "पण झाड आपलं आहे ना?" तर म्हणे, "लावलं कोणी?" आता हे खरंय, मी काही लावलं नव्हतं, वायरखाली आपोआप उगवलं होतं. वायरवर कोण बसतं ते वर सांगितलंच आहे.

शेवटी मी हुशारी केली. एक पपई डोळा पडायच्या आधीच, पार हिरवी असताना, चीक गळत असताना काढली, पेपरात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली, रोज दाबून बघत होतो. पाचव्या दिवशी मऊ लागली म्हणून कापली. फिकी ठार! पपई झाडावरून काढली की नंतर मऊ पडते, गोडी काही वाढत नाही, हे मला आमच्या भाजीवालीने सांगितलं, तेही हसत हसत.

ती सगळी फोडी करून भिंतीवर ठेवली, म्हटलं घ्या, आज यजमान मी. खार आली, दोन्ही हातांत एक फोड धरली, एकदा चावली, तिथेच टाकली आणि सरळ झाडावर चढली. वर पानाआड दुसऱ्या एका पपईला डोळा पडला होता, मला दिसलाच नव्हता.